पैनगंगा उतरून आलेली घराणी

आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला, जैनद, तांसी या मंडलांत एखाद्या जुन्या शेतकऱ्याला मूळ गाव विचारलं, की शब्दांआधी त्याचा हात उत्तरेकडे जातो. "तिकडलेच न आमी, पांढरकवड्याकडले." नाहीतर वणीकडले, घाटंजीकडले, कोरपन्याकडले. मग गोष्ट सुरू होते आणि ती घरोघरी जवळजवळ एकच असते. आबाजी बैलबंडी घेऊन आले. बंडीत बी-बियाणं, भांडीकुंडी, लेकरं. पैनगंगेला उतार पाहिला नि बंडी पार केली. इकडे सारं जंगल. गोंड पाटलानं जागा दाखवली, म्हणाला, कर इथं. झाडं तोडली, रात्री शेकोट्या पेटवल्या, वाघ हाकलले. पहिली काही वर्षं ज्वारी नि तीळ, मग कापूस. एवढं ऐकून झाल्यावर साल विचारावं तर उत्तर येतं, "निजामाच्या टायमाले."

निजामाचा टाइम म्हणजे १७२४ ते १९४८. घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस तिथंच अडकतो. गोष्टीत खोटं काही नसतं. पण ती दहा घरांत सारखी ऐकू येते, तेव्हा ती एका घरची उरलेली नसते; गावानं पारावर बसून ती घडवलेली असते. आपले आबाजी नेमके कोण, कुठून निघाले, का निघाले आणि ज्या जमिनीवर उतरले ती त्याआधी कुणाची होती, हे त्या गोष्टीतून कळत नाही. शेवटचा प्रश्न तर सहसा विचारलाच जात नाही. मला विचाराल तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्यामागे दडलेली आहेत.

या बंड्या पैनगंगेकडे वळण्याचं एक कारण अमेरिकेत घडलं होतं. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना येणारा दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस थांबला. गिरण्यांची नजर वऱ्हाडावर पडली. वऱ्हाड १८५३ च्या करारानं निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलं होतं, काळी कसदार जमीन होती आणि आगगाडी येऊ घातली होती. कापसाचे भाव असे चढले की शेतकऱ्यानं धान्याचं रान मोडून पऱ्हाटी लावली. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली तोवर युद्ध संपून भाव उतरलेही होते, पण जमिनीची भूक उतरली नाही. मोजणी झाली, पडीक रान पट्ट्यावर गेलं, सावकाराच्या वह्या भरल्या. धाकटा भाऊ, खातं बुडालेला कुणबी, जमीन न मिळालेला गावकामगार यांना पुढं सरकण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पुढं म्हणजे नदीपलीकडे.

नदीपलीकडे हैदराबाद संस्थानात सालारजंग पहिले यांची दिवाणगिरी १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं चालली. १८६५ साली त्यांनी जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्याजिल्ह्यांत मांडणी केली, महसूल मक्तेदारांच्या हातून सरकारी नोकरांकडे आणला आणि मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी सुरू करवली. जंगलातून सरकारला वसूल कमी मिळे. लागवडीखालच्या जमिनीतून रोकड मिळे. म्हणून पडीक रान लावणीवर देऊन माणसं वसवणं हे सरकारी धोरणच होऊन बसलं. उत्तरेकडून मराठी शेतकरी उतरला, दक्षिणेकडून गोदावरी ओलांडून तेलुगू शेतकरी चढला, आणि दोघांच्या मध्ये उटनूरच्या डोंगरात गोंड नि कोलाम राहिले.

त्याच यादवी युद्धानं अमेरिकेतही एक मोठं स्थलांतर मोकळं केलं. पश्चिमेकडची सरकारी जमीन फुकट वाटायचा कायदा दक्षिणेचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं अडवत होते. ते काँग्रेस सोडून गेले आणि मे १८६२ मध्ये लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. कुटुंबप्रमुखाला १६० एकर, पाच वर्षं राहून कसली की मालकी. पुढं या कायद्याखाली सुमारे सोळा लाख दावे पक्के झाले, सत्तावीस कोटी एकर जमीन वाटली गेली. आज त्या वसाहतकारांची खापरपणतवंडं आपल्या पूर्वजाचा माग काढायला बसतात तेव्हा त्यांच्या हाती दाव्याची फाइल असते, तीत घराचं माप असतं, विहिरीची खोली असते, शेजाऱ्यांची साक्ष असते. शिवाय १८५० पासूनच्या शिरगणतीत घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव आहे आणि बहात्तर वर्षं उलटली की ती पानं लोकांना खुली होतात. १९५० सालची २०२२ मध्ये झाली. आपल्याकडे हैदराबाद संस्थानात १८८१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली. जातीनिहाय, धर्मनिहाय आकडे छापले गेले. माणसांची नावं मात्र कुणी जपली नाहीत.

पण इतके कागद हाताशी असले म्हणून काय होतं, ते लॉरा इंगल्स वाइल्डर या लेखिकेच्या घराण्यावरून कळतं. तिनं १९३५ साली 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' हे पुस्तक लिहिलं आणि कॅन्ससच्या माळावर लाकडाचं घर बांधणारा तिचा बाप जगभरच्या मुलांना माहीत झाला. पुस्तकात घरापासून गाव चाळीस मैल. शोध घेणाऱ्यांनी शिरगणती नि जमिनीचे कागद लावून पाहिले, तर अंतर भरलं तेरा मैलांच्या आसपास. पुस्तकात धाकटी बहीण कॅरी प्रवासातच मांडीवर आहे. कौटुंबिक बायबलात तिचा जन्म त्याच माळावरचा, ऑगस्ट १८७०. हे झालं आठवणीचं. खरी गंमत ऑगस्ट १८७० च्या शिरगणतीत आहे. इंगल्स कुटुंबाची सगळी नावं तिथं आहेत, पण स्थावर मालमत्तेचा रकाना कोरा. जमीन ओसेज इंडियनांची आहे, वसाहतकारांचा तिच्यावर हक्क नाही, असा शेरा प्रगणकानं मारून ठेवला आहे. पुढच्याच वर्षी ते कुटुंब माळ सोडून परत गेलं. लवकरच ओसेजही तिथून उठून आजच्या ओक्लाहोमात गेले.

एका कोऱ्या रकान्यानं सांगितलेली ही हकीकत डोक्यात ठेवून आता आदिलाबादला परत येऊ.

इथं शोध उलट्या दिशेनं करावा लागतो, आजच्या कागदावरून मागं. घरात सापडतं ते पट्टादार पासबुक. त्याच्या मागं संगणकातली नोंद; २०२० साली ती धरणी पोर्टलवर गेली, २०२५ पासून भूभारतीकडे. त्याच्या मागं मंडल कार्यालयातल्या सालोसालच्या पहाण्या. या पायऱ्या उतरत गेलं की पाय एका पक्क्या दगडावर टेकतो, तो म्हणजे १९५४-५५ ची खसरा पहाणी. तेलंगणात जमिनीचा कुठलाही वाद निघाला की वकील पहिल्यांदा तिचीच नक्कल मागतो. वारसांच्या भांडणासाठी काढलेली ती नक्कल घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्याला आयतीच मिळते.

त्या पानाकडे नीट पाहायला हवं. आडव्या कागदावर सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पीक, पाण्याचं साधन. पट्टादाराचा रकाना वेगळा, प्रत्यक्ष कब्जा असलेल्याचा वेगळा. ज्याच्या घरी दोन्ही रकान्यांत एकच नाव आहे, त्याच्या आबाजीची गोष्ट सरळ. पण जिथं पट्टादार एक आणि काबीजदार दुसरा, तिथं थांबावं. ही कुळाची जमीन असेल, गहाणाची असेल, तोंडी विकलेली असेल किंवा दाबलेली असेल. पट्टादाराच्या रकान्यात आत्राम, मेश्राम, कुमरा, सिडाम असं आडनाव आणि कब्जाच्या रकान्यात आपले आजोबा, असं पान ज्यांच्या हाती येतं त्यांना आबाजीच्या गोष्टीतला 'जागा दाखवणारा गोंड पाटील' कोण होता ते कळतं. याला जोड म्हणून १९५० च्या कूळकायद्याखाली झालेली संरक्षित कुळांची नोंदवही पाहावी. तिच्यात कुळाच्या मागून वारसांचीही नावं लागत गेली आहेत.

खसरा पहाणीच्या मागं निजामशाही लागते. सेतवार, वसूलबाकी, फैसलपट्टी असे तिचे महसुली कागद. साल फसली, त्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतं, महिन्यांच्या फरकानं एखादं वर्ष इकडेतिकडे. १८८४ पर्यंत संस्थानचा कारभार फारसीत, पुढं उर्दूत. मराठी नाव उर्दू लिपीत, तेही घाईघाईनं लिहिणाऱ्या कारकुनाच्या शिकस्ता हातात. कारकून नुक्ते द्यायचा कंटाळा करतो आणि नुक्ते गेले की नाना, बाबा, पापा ही सगळी नावं कागदावर अगदी एकसारखी दिसतात: एक दाता, एक अलिफ, पुन्हा एक दाता, एक अलिफ. बापाचं नाव बाबा की नाना हे ठरवायला मग शेजारच्या सर्व्हे नंबरातला भाऊ शोधावा लागतो, त्याच्या बापाचं नाव कुणीतरी नुक्त्यांसकट लिहिलं असेल या आशेवर. जात हीही अशीच निसरडी. एकाच घराण्याला एका कागदात कुणबी, दुसऱ्यात मराठा आणि तेलुगू कारकुनाच्या हातून आलेल्या तिसऱ्यात आरे असं लिहिलेलं असतं, कारण तेलुगू मुलूख मराठी माणसाला आरे म्हणूनच ओळखतो. उर्दू नि फारसी दोन्ही वाचणारी जुन्या पिढीची माणसं आता कमी उरली आहेत. हैदराबादला तारनाक्याच्या पुराभिलेखागारात शाहजहान-औरंगजेबाच्या काळापासूनचे कागद आहेत, पण आपल्या पणजोबांचं गाव त्यांत शोधायचं तर आधी वाचणारा शोधा.

गावपातळीचे कागद तर कचेरीत नव्हतेच कधी. ते पटवाऱ्याच्या वाड्यात, पेटीत. १९८४ साली एन. टी. रामारावांच्या सरकारनं पटेल-पटवारी पद्धत एका फटक्यात मोडली. राजकीय दृष्ट्या ते बरोबरच होतं. गावोगावच्या त्या वाड्यांनी रयतेला काय छळलं ते तेलंगणात कुणालाही विचारा. पण दप्तर ताब्यात द्यायची वेळ आली तेव्हा सगळंच दप्तर आलं असं समजणं भाबडेपणाचं ठरेल. काही वह्या अडगळीत गेल्या, काही वाळवीनं खाल्ल्या.

त्यात हद्दी बदलत राहिल्या. नदीच्या या काठाला आधी सिरपूर-तांडूर म्हणत. एदलाबाद, राजुरा, सिरपूर असे त्याचे तालुके. १९०५ साली त्याचा पुरता जिल्हा झाला आणि ठाणं आदिलाबादला आलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्या काठाच्या वणी जिल्ह्याचंही नाव पालटून यवतमाळ झालं. म्हणून १९०५ च्या आधीच्या कागदांत यवतमाळ जिल्हा नि आदिलाबाद जिल्हा शोधणारा दोन्हीकडून रिकाम्या हातानं परततो. एदलाबाद शोधावं तर जळगावकडचं मुक्ताईनगर समोर येतं, तेही पूर्वी एदलाबादच. मग १९५६ ची भाषावार रचना. किनवटचा बराच भाग नांदेडला गेला. राजुरा आधी नांदेडला जोडला नि १९५९ मध्ये चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला. उलट नांदेडचा मुधोळ आदिलाबादला आला. २०१६ च्या दसऱ्याला उरलेल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार तुकडे झाले. पणजोबा ज्या कचेरीत वसूल भरत तिथलं दप्तर शोधायला आज दोन राज्यांतल्या जिल्ह्यांचे उंबरठे झिजवावे लागतात.

सरकारी कागद संपले की देवाधर्माचे सुरू होतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांत गाव नि आडनाव सांगितलं की पान उघडतं. कुणी आईच्या अस्थी घेऊन गेलेला, कुणी सिंहस्थाला गेलेला. त्यानं आपलं, बापाचं, आज्याचं, भावांचं नाव सांगून ठेवलेलं. जुन्या नोंदी मोडीत. अमेरिकेतल्या युटा राज्याची वंशावळ-संस्था १८९४ पासून जगभरच्या अशा नोंदी गोळा करते. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांच्याही तिनं फिती काढल्या आहेत. आदिलाबादकडच्या माणसाची अडचण इतकीच की पणजोबा नाशिकला गेले असतील तर त्यांनी गाव कोणतं सांगितलं? नवं, की नदीपलीकडलं जुनं? पहिल्या पिढीचा माणूस बहुधा जुनंच सांगतो. तेव्हा मागताना दोन्ही गावांची नावं घेऊन जावं. भाटांच्या वह्या हा आणखी एक आधार, पण ज्यानं दान दिलं त्याची शाखा वहीत वाढली, ज्यानं हात आखडला त्याची खुंटली.

बाया मात्र या सगळ्यांत कुठंच नाहीत. पट्टा पुरुषाच्या नावे, नामावळी पुरुषाची, भाट पुरुषाचा. अमेरिकन शिरगणतीत निदान बायकोचं नाव, वय, जन्माचं राज्य सापडतं. इकडे आजीचं सासरचं नावही नातवाला सांगता येत नाही, माहेरचं तर दूरच. वास्तविक नदी ओलांडून कोणत्या गावात उतरायचं हे पुष्कळदा बाईच्या नात्यानं ठरत असणार: बहीण आधी दिलेली, मेव्हणा आधी आलेला. सोयरिकी नदीपार आजही होतात. म्हणून वंशावळ काढणाऱ्याला माझा सल्ला असा की आडनावाच्या मागं धावण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला तिच्या मामाचं गाव विचारावं. लग्नपत्रिका नसलेल्या काळातलं सोयरिकींचं दप्तर तिच्याच डोक्यात आहे.

आणि आता ज्यांच्या जमिनीवर आबाजींची बंडी थांबली त्यांच्याकडे वळू. एवढे कागद चाळून आपण चार पिढ्यांच्या मागं जाऊ शकत नाही. त्याच जिल्ह्यात एक समाज आहे ज्याच्या कुळांची हकीकत एकाही कागदावाचून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. राज गोंडांच्या प्रत्येक कुळाला परधान असतात. गोंड यजमान, परधान त्याचा वंशपरंपरेचा कथेकरी. कुळाचा देव म्हणजे पर्सा पेन; त्याच्या पूजेला, लग्नाला, मरणाला परधान येतो, किकरी मांडीशी टेकवतो, धनुकलीनं तारा छेडतो आणि गाऊ लागतो: पहांदी कुपार लिंगालनं गोंडांचे देव गुहेतून कसे सोडवले, चार, पाच, सहा, सात भावांचे गट कसे पडले, कोणतं कुळ कोणत्या गटात, कोणाशी सोयरीक चालते, कोणाशी नाही. गटाला सगा म्हणतात. सगा चुकला तर लग्न मोडतं. इतकी करडी तपासणी आपल्या कुळवृत्तांतांची कुणी केली नसेल.

यातली मराठी वाचकाला चकित करील अशी गोष्ट पुढं आहे. आदिलाबादचे हे परधान घरात मराठी बोलतात. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ यांनी १९४० च्या दशकात हे नोंदवून ठेवलं: परधानांची मातृभाषा मराठी, आणि ते गातात ते गोंडी. म्हणजे गोंडांचा वंशेतिहास ज्याच्या कंठात आहे त्याची बायको त्याला जेवायला मराठीत हाक मारते. आदिलाबादची मराठी म्हटलं की आपण पैनगंगा उतरून आलेल्या कुणब्या-माळ्यांचाच विचार करतो. हे परधान आणि आंध आदिवासी त्या गणतीत आपण घेतच नाही.

नव्या माणसाची नोंद कशी होते तेही पाहण्याजोगं आहे. इंद्रवेल्लीजवळ केसलापूरला पौष अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. नागोबा मेश्राम कुळाचा. जत्रेआधी मेश्राम मंडळी अनवाणी चालत जन्नारमकडे गोदावरीला जातात आणि घड्यातून पाणी आणतात. महापूजेनंतर रात्री 'भेटी कोरियाड' होते. कुळात नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून, तोंडावर पदर ओढून रांगेनं येतात, वडीलधाऱ्या बाया त्यांना देवापुढं नेतात आणि ओळख करून देतात. त्यानंतरच ती सून मेश्राम, त्यानंतरच तिला नागोबाच्या पूजेत भाग. आपल्या नोंदींतून नेमक्या गळालेल्या बाईपासूनच इथं नोंद सुरू होते.

पण तहसीलदाराला किकरी ऐकू येत नाही. गोंडाची शेती फिरती होती. काही वर्षं एक रान, मग दुसरं, पहिलं विसाव्याला. पट्टा करून घ्यायची त्याला गरज वाटली नाही, दरवर्षी वसूल भरला की झालं. सरकारी भाषेत ही 'सिवाई जमाबंदी', पट्ट्यावाचूनची कसणूक. मोजणी अमीन आला तेव्हा ज्यानं अर्ज केला, फी भरली, कचेरीत खेटे घातले, त्याच्या नावे पट्टा लागला. अर्ज करणारा बहुधा नवा आलेला माणूस असे, कारण वऱ्हाडात तो कागदाचं महत्त्व चटके खाऊन शिकला होता. राहिलेलं रान जंगल खात्यानं राखीव केलं आणि त्या हद्दीत सापडलेली गोंड-कोलामांची गावं उठवली. जोडेघाटच्या डोंगरात कोमरम भीम हा गोंड पुढारी उभा राहिला तो यातूनच. १९४० साली निजामाच्या पोलिसांनी त्याला मारलं.

त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. हायमेन्डॉर्फ ऑस्ट्रियाचे, म्हणून महायुद्ध लागताच शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरून हैदराबाद संस्थानात अडकून पडलेले. मारलावाई या गोंड गावात पत्नी बेटी यांच्यासह ते राहत होते. सरकारनं त्यांच्याकडूनच अहवाल मागवला. १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र निघालं, गोंडी वाचनमाला झाल्या, नागोबाच्या जत्रेत दरबार भरू लागला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत जिल्ह्यात आदिवासींना सुमारे १ लाख ६० हजार एकरांचे पट्टे दिले गेले. बेटी १९८७ साली वारल्या, त्यांची समाधी मारलावाईतच आहे. नवऱ्याच्या अस्थीही २०१२ मध्ये तिथंच आणल्या.

पट्टे दिले म्हणून टिकले असं नाही. आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये असा १९५९ चा नियम तेलंगण भागात १९६३ पासून लागू झाला आणि १९७० च्या दुरुस्तीनं तो कडक केला. गावात त्याला 'वन ऑफ सेव्हंटी' म्हणतात. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीचे पट्टे मागायला जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक तो कधीच मानत नाहीत.

या नियमामुळं एजन्सी भागातल्या, म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या, मराठी घराण्यांत पूर्वजांचा शोध ही हौस राहिली नाही. आबाजी १९६३ च्या आधी आले की नंतर, आणि आले तर जमीन कुणाकडून घेतली, हे कागदानिशी सांगावं लागतं. घरच्या गोष्टीत जो गोंड पाटील उदारपणे जागा दाखवतो, तो कोर्टात प्रतिवादी होऊन उभा राहिला की गोष्ट सांगायची रीत बदलते. 'जागा दाखवली' याच्या जागी 'खरेदी केली' येतं, 'कर म्हणाला' याच्या जागी 'कौलानं दिली'. वसाहतकाराच्या घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यानं कोर्टाचे निवाडे अवश्य वाचावेत. त्यांत आजोबांची साक्ष असते, आणि समोरच्याच्याही आजोबांची.

हल्ली दुसऱ्याही एका कारणानं हे कागद उघडले जात आहेत. महाराष्ट्रात मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. ती निजामकालीन दप्तरासाठी हैदराबादलाही जाऊन आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द मराठवाड्यात पोराटोरांच्या तोंडी झाला. आजवर ज्या उर्दू पानांवर धूळ साचत होती ती वाचायला माणसं मिळेनात. आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचं काहीही मत असो, मराठी माणसानं पणजोबाचा इतक्या चिकाटीनं शोध याआधी कधी घेतला नव्हता हे मान्य करायला हवं. पैनगंगेच्या अलीकडच्या कुणब्याला या नोंदींवरून महाराष्ट्रात मिळणाऱ्या कुणबी प्रमाणपत्राचा उपयोग नाही, तो तेलंगणाचा रहिवासी, पण नदीपलीकडचा दूरचा चुलत चुलतभाऊ एकाएकी फोन करून "आपला खापरपणजा एकच का हो?" असं विचारू लागला, तर त्यामागं ही भानगड असते. निमित्त काही का असेना, तुटलेल्या शाखा त्यानं जुळू शकतात.

बंडी घेऊन निघणं मात्र निजामाबरोबर संपलं नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आगंमागं मराठवाड्यातून, नांदेड-परभणी-लातूरकडून, बंजारा, मांग, बौद्ध कुटुंबं माणिकगडच्या डोंगरावर चढली. आज तिथं एका बाजूला चंद्रपूरचा जिवती तालुका आणि दुसऱ्या बाजूला आसिफाबादचं केरामेरी मंडल. मधल्या चौदा गावांवर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला आहे. परंडोली, अंतापूर, मुकदमगुडा अशी ही गावं. तिथल्या माणसाकडे महाराष्ट्राचं रेशनकार्ड आहे नि तेलंगणाचंही, तो दोन्हीकडे मतदान करतो, गावात मराठी शाळा आहे आणि तेलुगूही. जंगल तोडून शेत केलेली ती पिढी अजून ओसरीवर बसलेली भेटते, साल विचारलं तर नीट सांगते. नाही मिळत तो जमिनीचा पक्का कागद, कारण पट्टा द्यायचा कुणी हेच ठरलेलं नाही. शंभर वर्षांनी त्यांचा एखादा पणतू वंशावळ काढायला बसेल तेव्हा जमिनीच्या दप्तरात त्याचा आबाजी त्याला सापडणार नाही, आणि मतदारयाद्यांत दोनदा सापडेल: एकदा मराठीत, एकदा तेलुगूत, आणि कारकुनांची रीत पाहता दोन्हीकडे वय निराळं.